बंदी स्वस्त, मदत महाग



या व्याख्यानमालेत आजवर साहित्य, शेती, पाणी, शिक्षण असे भारदस्त विषय झाले. यंदा तुम्ही एका डॉक्टरला बोलावलंत आणि त्याने तंबाखूचा विषय निवडला, म्हणजे आता फुप्फुसांची चित्रं बघावी लागणार, अशी धास्ती कोणी घेतली असेल तर ती सोडून द्यावी. तंबाखू वाईट आहे हे सांगायला मी आलेलो नाही. तंबाखू खाणाऱ्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मला बोलायचं आहे ते सरकारबद्दल. व्यसन सोडू पाहणाऱ्या माणसासाठी सरकार काय करतं, काय करत नाही, आणि कशाला बंदी घालून मोकळं होतं, याबद्दल.

जगभर यावर गेली दहा-पंधरा वर्षं एक वाद रंगला आहे. सिगारेट सुटावी म्हणून माणसाच्या हातात काय द्यावं? निकोटिनचं च्युइंग गम, पट्टी, गोळ्या, की ई-सिगारेट? इंग्लंडने एक उत्तर दिलं, भारताने नेमकं उलटं दिलं. दोन्ही उत्तरं आधी नीट समजून घेऊ.

आपलं उत्तर १८ सप्टेंबर २०१९ रोजी आलं. त्या दिवशी मंत्रिमंडळाचा निर्णय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केला, वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा, जाहिरात, सगळ्याला बंदी. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षं आणि पाच लाख. नुसता साठा केला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार. त्याआधी मे महिन्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली होतीच.

या कायद्यातली एक ओळ मात्र फारशी कोणी वाचत नाही. ई-सिगारेट कशाला म्हणावं याची व्याख्या देताना कायदा सांगतो की, औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली परवाना मिळालेलं उत्पादन या व्याख्येत येत नाही. म्हणजे निकोटिनवर बंदी नाही, निकोटिनच्या बाजारावर आहे. औषध म्हणून या, चाचण्यांचे निकाल दाखवा, मात्रा सांगा, दुष्परिणाम सांगा, मग बघू. फुगे, फळांचे स्वाद आणि रंगीत डब्या घेऊन येऊ नका. ही भूमिका मला तर्काला धरून वाटते. इंग्लंडमध्येही ई-सिगारेटला औषध म्हणून परवाना मिळण्याची सोय आहे. एका उत्पादनाला तो मिळालाही होता, पण ते बाजारात आलंच नाही. ग्राहकोपयोगी वस्तू म्हणून माल विकणं सोपं असताना औषधाच्या कसोटीला उतरण्याचा खटाटोप कोण करील?

आता इंग्लंडकडे वळू. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याने म्हटलं की, ई-सिगारेट ही साध्या सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक आहे. या आकड्यावर टीकाही झाली, कारण तो मोजमापातून नव्हे, तर तज्ज्ञांच्या एका गटाच्या अंदाजातून आला होता. पण मागचा विचार पक्का आहे. सिगारेट ओढणारा ओढतो निकोटिनसाठी. त्याला मारतो तो मुख्यतः जळणाऱ्या पानाचा धूर, त्यातलं डांबर, त्यातला कार्बन मोनॉक्साइड. जाळणं थांबवलं तर मरण बरंच लांबतं.

मग २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. ब्रिटनच्या सरकारी धूम्रपानमुक्ती सेवेत आलेल्या ८८६ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी केली. एका गटाला गम, पट्टी वगैरे निकोटिनचे नेहमीचे उपाय दिले, दुसऱ्याला ई-सिगारेट. समुपदेशन दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर ई-सिगारेटवाल्यांपैकी १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. नेहमीच्या उपायांच्या गटात ९.९ टक्के. जवळजवळ दुप्पट यश. ई-सिगारेटचे पुरस्कर्ते हा आकडा सांगून थांबतात. त्याच निबंधात पुढे आहे की, ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यापैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. गम-पट्टीच्या गटात ते उपाय चालू ठेवणारे ९ टक्के होते. विरोधक हा दुसरा आकडा सांगून थांबतात. दोन्ही एकत्र वाचले तर अर्थ असा: ई-सिगारेट धुरातून जास्त लोकांना बाहेर काढते, निकोटिनमधून मात्र काढत नाही. आणि तिसरी गोष्ट दोन्ही बाजू विसरतात. दोन्ही गटांना आठवड्या-आठवड्याला भेटणारा, विचारपूस करणारा, शिकलेला माणूस मिळाला होता.

इंग्लंड याच वाटेने पुढे गेलं. २०२३ मध्ये दहा लाख ओढणाऱ्यांना सरकारी खर्चाने ई-सिगारेटचा संच द्यायची योजना जाहीर झाली. पण दरम्यान शाळकरी मुलांच्या दप्तरात स्वस्त, वापरून फेकायच्या रंगीत व्हेप, म्हणजे ई-सिगारेटच, दिसू लागल्या, आणि १ जून २०२५ पासून त्याच देशाने फेकायच्या व्हेपवर बंदी घातली. अमेरिकेत तर २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हायस्कूलच्या २७.५ टक्के मुलांनी गेल्या तीस दिवसांत ई-सिगारेट ओढल्याचं सांगितलं होतं. पुढे तिथलं प्रमाण बरंच खाली आलं, पण तो एक काळ त्या देशाच्या पालकांना विसरता येणार नाही. ऑस्ट्रेलियाने मधली वाट धरली: आज तिथे व्हेप फक्त औषधांच्या दुकानात, फार्मासिस्टशी बोलून मिळते.

तेव्हा आपल्या सरकारने ई-सिगारेट अडवली यात मला गैर दिसत नाही. जिथे शाळा-कॉलेजच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये हा २००३ चा साधा नियम टपरीटपरीवर मोडला जातो, तिथे 'फक्त प्रौढांना, फक्त सिगारेट सोडण्यासाठी' अशी नाजूक परवानगी टिकली असती, असं मानायला मी भोळा नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतात ई-सिगारेट वापरणाऱ्यांचं प्रमाण होतं ०.०२ टक्का. दहा हजारांत दोन. त्याच सर्वेक्षणात तंबाखू या ना त्या रूपात घेणारे होते २८.६ टक्के, म्हणजे जवळपास २७ कोटी प्रौढ. दहा हजारांतल्या दोघांसाठी सरकारने रातोरात वटहुकूम काढला. बाकीच्यांसाठी काय काढलं?

आणि महाराष्ट्राकडे पाहिलं की हा वादच परका वाटू लागतो. त्या सर्वेक्षणात आपल्या राज्यात ओढणारे होते ३.८ टक्के, धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ओढणारा एक, तर खाणारे सहा. विदर्भात खर्रा, नगर-सोलापूरकडे मावा, सगळीकडे चुना लावून तळहातावर मळलेली तंबाखू, आणि घराघरात बायकांची मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि दात घासायच्या निमित्ताने दिवसातून चारदा बोट फिरवायचं. याला व्यसन म्हणायला कोणी तयार नसतं, खुद्द लावणारीही नाही. या बाईला ई-सिगारेटचा काय उपयोग? ती धूर घेतच नाही. तिचा कर्करोग फुप्फुसात नाही, गालात होतो. 'धुरापेक्षा वाफ बरी' हा सगळा युक्तिवाद सिगारेट ओढणाऱ्या देशांत जन्मलेला आहे. आपण त्याच्या बाजूने किंवा विरोधात भांडत बसतो, तेव्हा आपलं दुखणं बाजूलाच राहतं.

उलट निकोटिनच्या गमचा जन्मच मुळी तंबाखू चघळण्यातून झाला. साठच्या दशकात स्वीडनमध्ये क्लाएस लुंडग्रेन या संशोधकाच्या लक्षात आलं की, पाणबुडीत सिगारेट ओढता येत नाही, म्हणून खलाशी चघळायच्या तंबाखूवर भागवतात, आणि ती त्यांना पुरते. १९६७ च्या अखेरीस त्यांनी हेल्सिंगबोर्गच्या औषध कंपनीतले ओवे फर्नो यांना हे कळवलं: तोंडातून निकोटिन देता येईल का बघा. फर्नो स्वतः ओढणारे होते. त्यातून निकोटिन बांधून ठेवणारं गम तयार झालं आणि १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ते पहिल्यांदा विकायला आलं.

हे गम वापरायची रीत आहे, आणि आपल्याकडे ती जवळजवळ कोणी सांगत नाही. आमच्या ओपीडीत एक रिक्षावाले काका आले होते. 'डॉक्टरसाहेब, तुमची ती गोळी बोगस आहे. खाल्ली की उचक्या लागतात, पोटात जळजळतं, आणि तलफ काही जात नाही.' मी म्हटलं, खाऊन दाखवा. त्यांनी ती बडीशेपेसारखी कचाकचा चावली आणि वर चहाचा घोट घेतला. चूक त्यांची नव्हती. दुकानदाराने गमची पट्टी कापून दिली होती आणि सुटे पैसे परत केले होते, बस. गम सावकाश दोन-चारदा चावायचं. तोंडात झिणझिण्या आल्या, तिखट लागलं की थांबायचं आणि गालात धरून ठेवायचं. चव ओसरली की पुन्हा चावायचं, जागा बदलून पुन्हा धरायचं. असं अर्धा तास. निकोटिन गालाच्या अस्तरातून रक्तात जातं. भरभर चावलं तर ते लाळेबरोबर पोटात जातं. तिथे उचक्या, जळजळ, आणि जे शोषलं जातं त्याची यकृतात वासलात. चहा-कॉफीने तोंड आंबट झालं तरी ते शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं काही प्यायचं नाही. काकांना एवढं सांगितल्यावर ते हसले. 'म्हणजे बार भरायचा तसंच की!' तसंच. आयुष्यभर गालात तंबाखू धरलेल्या माणसाला ही रीत शिकवायला दोन मिनिटं पुरतात. ती दोन मिनिटं द्यायला कोणी नेमलेलं नाही, ही खरी अडचण.

आता नियम बघा. आपल्याकडे २ मिलिग्रॅमचं गम चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. ज्याला सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागते, त्याला ४ ची गरज असते. म्हणजे ज्याचं व्यसन सौम्य, त्याला औषध हाताशी. ज्याचं मुरलेलं, त्याने रोज बुडवून डॉक्टर गाठायचा. तो गाठत नाही. तो २ चं गम घेतो, त्याने भागत नाही, आणि 'हे औषध कामाचं नाही' असं टपरीवर चार जणांना सांगतो. त्याच टपरीवर बिडीचं बंडल मागायला चिठ्ठी लागत नाही.

औषधं कमी आहेत असंही नाही. बुप्रोपिऑन आहे. व्हॅरेनिक्लिन आहे, त्याबद्दल मनोविकाराची भीती होती, ती आठ हजारांहून अधिक लोकांवरच्या २०१६ च्या चाचणीने बरीचशी दूर केली. सिटिसिन आहे, जे पूर्व युरोपात साठच्या दशकापासून वापरलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२४ मध्ये तंबाखू सोडवण्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं पहिल्यांदाच काढली, त्यात ही सगळी आहेत आणि समुपदेशनही आहे. निकोटिनचे उपाय त्या संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००९ मध्येच गेले. आपल्या राष्ट्रीय यादीत ते २०२२ मध्ये आले. तेरा वर्षांनी! आणि यादीत नाव येणं म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पट्टी येणं नव्हे, हे इथे बसलेल्या कोणाही परिचारिकेला विचारा.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. २००२ मध्ये देशात तेरा ठिकाणी तंबाखूमुक्ती केंद्रं सुरू झाली. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये मोफत दूरध्वनी सेवा आली, पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियलनेही ती चालवायला घेतली. सप्टेंबर २०१८ पासून १८००-११-२३५६ हा क्रमांक पाकिटावर छापणं सक्तीचं झालं. चांगली गोष्ट आहे. पण पाकीट पाहतो कोण? सुटी सिगारेट घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही. राज्याने २०२० मध्ये सुट्या विक्रीला बंदी घातली, तरी ती चालू आहे हे तुम्ही-आम्ही पाहतो. खर्रा आणि मावा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून मिळतो, त्यावर कसला क्रमांक? मिश्रीच्या डबीवर तर काहीच नाही. ज्यांना मदत सर्वांत जास्त हवी, त्यांच्या डोळ्यांसमोर तो क्रमांक कधी येतच नाही.

डॉक्टरमंडळींनाही मी मोकळं सोडत नाही. २०१६-१७ च्या त्याच सर्वेक्षणात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना 'सोडा' असं सांगितलं गेलं होतं. तंबाखू खाणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. तीनातल्या दोघांना आम्ही साधं सांगितलंही नाही. आणि सोडायची इच्छा किंवा विचार असलेले खाणाऱ्यांमध्ये जवळपास निम्मे होते. निम्मे लोक दाराशी येऊन उभे आहेत, आणि आम्ही रक्तदाब मोजून त्यांना परत पाठवतो.

हे असं का होतं? कारण बंदी घालायला पैसे लागत नाहीत आणि मदत करायला लागतात. बंदीची बातमी होते, समुपदेशकाच्या रिकाम्या पदाची होत नाही. २०१२ च्या जुलैत महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. अन्नात तंबाखू आणि निकोटिन मिसळू नये या अन्नसुरक्षा नियमाचा आधार घेतला, आणि तो निर्णय धाडसाचा होता. शेजारच्या राज्यांतून आलेल्या गुटख्याच्या गाड्या पकडल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो. तरी बंदीने मागणी थोडी दबते, प्रतिष्ठा जाते, नवी पोरं थोडी कमी येतात. हे मी मान्य करतो. पण ज्या दिवशी लाखो माणसांची पुडी बेकायदा ठरली, त्या दिवशी त्यांच्या तलफेचं काय करायचं याची तजवीज झाली नाही. ती मावा-खर्ऱ्याकडे वळली. २०१९ च्या ई-सिगारेटबंदीच्या वेळीही तेच. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम सरकारच्या सोबतीने चालवला. त्यात गावाचा निर्णय, अंमलबजावणी आणि उपचार हे एकत्र बांधलेले होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की काय होऊ शकतं, याचा धडा आपल्याच राज्यात आहे.

दुसरंही कारण आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत, आयटीसीत, आपल्या आयुर्विमा महामंडळाचा सुमारे १५ टक्के वाटा आहे. तुमच्या-माझ्या विम्याचा हप्ता तिथे गुंतलेला आहे. बिडीवर जीएसटीचा भरपाई उपकर कधी लागलाच नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट-गुटख्यासाठी ४० टक्क्यांचा दर ठरवला, तेव्हा बिडीचा मात्र २८ वरून १८ वर आणायचं ठरवलं. सोलापूर-सिन्नरच्या बिडी वळणाऱ्या बायकांचा घास हिरावू नये, हे कारण दिलं जातं. ते कारण खोटं नाही. पण त्या बायकांना दुसरं काम द्यायला पैसा लागतो आणि बिडी स्वस्त ठेवायला तो लागत नाही. म्हणजे पुन्हा तोच हिशेब.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ई-सिगारेट आणि गम यांत काय बरं, हा प्रश्न सरकारने बंदीने निकाली काढला असेल, तर त्या बंदीबरोबर एक देणं त्याच्या डोक्यावर आलं आहे. माणसाची एक वाट कायद्याने बंद करायची आणि दुसरी उघडायचीच नाही, याला धोरण म्हणत नाहीत. इंग्लंडच्या धोरणातल्या व्हेप नका घेऊ, पण आठवड्याला भेटणारा माणूस तरी घ्या.

हे देणं फेडायला फार मोठं काही लागत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटिनचं गम आणि पट्टी मोफत, ४ मिलिग्रॅमसकट. ते कसं वापरायचं हे दोन मिनिटांत शिकवू शकणारी आशाताई किंवा परिचारिका, आणि त्या कामाचा तिला मोबदला. दातांच्या महाविद्यालयांत आणि तालुक्याच्या रुग्णालयात तंबाखू खाणाऱ्यांसाठी वेगळा वेळ, कारण आजवरचे बहुतेक उपचार सिगारेट डोळ्यांसमोर ठेवून रचले गेले. खर्ऱ्या-मिश्रीवर काय लागू पडतं याचा अभ्यास आपल्यालाच करावा लागेल. आणि तंबाखूच्या करातला ठरावीक वाटा कायद्याने याच कामाला बांधून द्यावा, म्हणजे दरवर्षी हात पसरावा लागणार नाही.

व्हेपवर वाद घालायला टीव्हीवर माणसं खूप मिळतील. तुम्ही त्यात पडू नका. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याला ई-सिगारेटबद्दल विचारू नका. त्याला विचारा, आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात तंबाखू सोडायची गोळी आहे का, आणि ती कशी खायची हे सांगणारं तिथे कोणी बसतं का? तो 'बघतो' म्हणाला, तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. हे विचारायला तुम्ही तंबाखू खाणारे असायची गरज नाही. तुमच्या घरात कोणी ना कोणी आहेच.